दादाची वैरीण

माझ्या भावाला एका कावळीने बरं केलं, असं कुणी गोड आवाजात म्हटलं की माझं डोकं फिरतं. आता आमच्या बस डेपोत सगळेच तसं म्हणतात. समुपदेशक बाई तर मागे कुठल्याशा कार्यशाळेत ही गोष्ट पडद्यावर चित्रं दाखवून सांगून आल्या. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले म्हणे. पाणावायला काय जातंय? दादाला बरं करायला कुणीही आलं नव्हतं. जे आले ते मारायलाच आले, आणि ती कावळीही त्यांच्यातलीच. तेव्हा गोष्ट सांगायचीच असेल तर मी सांगते. मी डेपोच्या कॅन्टीनमध्ये चहा करते, माझ्या खिडकीतून अख्खं यार्ड दिसतं, आणि मी त्याची सख्खी धाकटी बहीण आहे.

दादा शहर बसचा ड्रायव्हर. तोंड म्हणजे तोफखाना. केबिनमध्ये बसला की समोरच्या काचेआड त्याची बडबड सुरू व्हायची. फोन कानाला लावून रस्ता ओलांडणारे, उजवा दिवा दाखवून डावीकडे वळणारे, सिग्नल, खड्डे, खड्डे बुजवणारे, कुणाचीही सुटका नव्हती. पण ब्रेक लावायचा तो असा, की उभ्या म्हातारीच्या पिशवीतलं अंडं फुटू नये. शिव्या काचेला आणि ब्रेक माणसांना, असा त्याचा हिशेब. गाडी बाहेर काढण्याआधी स्वतःच्या पिवळ्या फडक्याने दोन्ही बाजूचे आरसे पुसायचा आणि लोखंडी सळईने एकेक टायर वाजवून बघायचा. धुणाऱ्यांनी आरसे पुसलेलेच असायचे. तरी पुसायचा, वर त्यांनाच ऐकवायचा. घरातही तेच. वहिनी म्हणायची, "यांचा आवाज आला नाही की मला वाटतं वीज गेली."

मग ते पुलाखालचं झालं.

संध्याकाळची, ऑफिसं सुटायची वेळ. वळणावर एका पांढऱ्या व्हॅनने एका सायकलवाल्याला उडवलं आणि ती सुसाट निघून गेली. मागून दादाची बस येत होती. मागच्या गाड्या त्या माणसाच्या अंगावर जाऊ नयेत म्हणून दादाने बस रस्त्यात आडवी घातली, उडी मारून उतरला आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन रुमाल दाबून धरला. गर्दी आली ती त्यानंतर. गर्दीला काय दिसलं? वाकलेली सायकल, आडवी बस, आणि शर्टाला रक्त लागलेला ड्रायव्हर. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसं. कुणी विचारलं नाही. विचारायला थोडा वेळ लागतो, हात उचलायला तेवढाही लागत नाही. दादा ओरडत होता, "मी नाही! मी उचलतोय त्याला!" ते ऐकायला कुणाला सवड होती? अर्धे मारत होते आणि उरलेले फोनवर चित्रण करत होते. कंडक्टर बिचारा काडीपैलवान, तो मधे पडला तर त्याचा चष्मा गेला. दादाच्या दोन बरगड्या मोडल्या, भुवई फाटली. आणि मार खाताना त्याने त्या माणसाचं डोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही, हे कंडक्टरनेच मला सांगितलं. फोनवरच्या चित्रणात ते दिसत नाही. त्यात नुसत्या पाठी दिसतात.

सायकलवाला वाचला. शुद्धीवर आल्यावर त्याने जबाब दिला, व्हॅन होती म्हणून. चौकशीत दादा निर्दोष ठरला. व्हॅनवाला कधी सापडला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देऊन झाली होती, आता संन्यासी निर्दोष असं लिहून द्यायला कुणाचं काय जात होतं? सायकलवाला काठी टेकत एकदा कॅन्टीनपर्यंत आला, दादाला भेटायचं म्हणाला. दादा बाहेर आला नाही. पण मारणाऱ्यांपैकी एकही आला नाही. मी वाट बघितली. कुणीतरी एक येईल, मान खाली घालून म्हणेल, चुकलं आमचं. नाही आला. गर्दी आपापल्या घरी जाऊन जेवली असेल.

बरगड्या जुळल्यावर दादा कामावर आला. आरसे पुसले, टायर वाजवले, केबिनमध्ये चढला. मी खिडकीतून बघत होते. किल्ली लावायला हात पुढे केला आणि तो हात असा थरथरायला लागला की किल्ली भोकात जाईना. दुसऱ्या हाताने धरला, तर तोही थरथरायला लागला. कपाळावरून घाम गळत होता. बराच वेळ बसून तो खाली उतरला आणि हेड मिस्त्रीला म्हणाला, "मला जमत नाही."

त्याला हलकं काम दिलं. धुवायला आलेल्या बस मागे घेताना ड्रायव्हरला शिट्टी वाजवून इशारा द्यायचा. लांब शिट्टी म्हणजे येऊ दे, दोन तुटक म्हणजे थांब. ज्याने उभं आयुष्य गाडी चालवली त्याने दुसऱ्यांच्या गाड्यांना शिट्ट्या मारायच्या. तीन महिन्यांनी वैद्यकीय मंडळ त्याला गाडी चालवायला लावून बघणार होतं. जमलं तर पुन्हा ड्रायव्हर, नाही तर कायमचा गेटवर, खुर्ची टाकून.

पण मला धास्ती गेटची नव्हती. मला धास्ती होती ती त्याच्या "बरं"ची. दादा काहीही झालं तरी "बरं" म्हणायला लागला होता. चहा गार झालाय, दादा. बरं. तुझी ड्युटी बदलली. बरं. एका नव्या पोराने गाडी मागे घेताना त्याच्या पायावरून चाक न्यायचंच बाकी ठेवलं, तरी हा नुसता बाजूला झाला. पूर्वी त्या पोराच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. वहिनी फोनवर रडायची. "भाजी करपवली मुद्दाम, काहीतरी बोलतील म्हणून. गप खाल्ली गं यांनी." तो रात्रभर छताकडे बघत पडायचा आणि दिवसभर बुटांकडे. माझा भाव खाणारा, अंगावर येणारा, घर डोक्यावर घेणारा दादा कुठेतरी निघून गेला होता आणि त्याच्या कपड्यात हा कुणीतरी सोशिक माणूस येऊन बसला होता. मला तो नको होता.

खात्याने त्याला समुपदेशक बाईंकडे पाठवलं. बाई वाईट नाहीत, उगाच का खोटं बोलू. गोळ्या लिहून देणारे डॉक्टरही त्यांनीच गाठून दिले, आणि गोळ्यांनी निदान त्याच्या छातीतली धडधड कमी झाली. पण बाई म्हणाल्या, रोज निसर्गात जा, झाडं बघा, पक्ष्यांचे आवाज ऐका, मन हलकं होईल. आणि एक रंगीत पत्रक दिलं. त्यावर निळं तळं, मागे बर्फाचे डोंगर, आणि काठावर एक बाई डोळे मिटून बसलेली. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, या तळ्याला कुठली बस जाते? उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं! दादाच्या घरापासून सगळ्यात जवळची बाग दोन बस बदलून येते. ती दादा कामावर असतो तेव्हा उघडते आणि तो सुटतो तेव्हा बंद होते. तरी वहिनी सुट्टीच्या दिवशी त्याला घेऊन गेली. बागेत पाटी होती, गवतावर चालू नये. दुसरी पाटी, फुलांना हात लावू नये. तिसरी, बाकावर झोपू नये. दादा बाकावर बसून बुटांकडे बघत राहिला. रखवालदाराने शिट्टी वाजवली तेव्हा मात्र दचकून उभा राहिला, हात वर करून, जणू गाडी मागे घ्यायचीय. वहिनी म्हणाली, मी पुन्हा नेणार नाही.

आमच्या यार्डात, बस धुतात त्या जागेमागे, एक जुनं शिरीषाचं झाड आहे. डिझेलच्या धुराने काळवंडलेलं, अर्ध्या फांद्या वाळलेल्या. त्यावर कावळ्यांचं घरटं होतं. त्याच्याकडे मान वर करून कुणी कधी बघितलं नव्हतं. बघायचं कशाला? अंगावर घाण पडली की शिवी द्यायची, एवढाच आमचा त्या झाडाशी संबंध.

एक दिवस त्या घरट्यातलं पिल्लू खाली पडलं. नेमकं मागे येणाऱ्या बसच्या चाकासमोर. मी बघितलं ते असं, की दादाने दोन तुटक शिट्ट्या मारल्या, बस थांबली, आणि तो वाकला. ओंजळीत पिल्लू उचललं, फांद्या टेकलेल्या पत्र्याच्या छपरावर चढवून ठेवलं, आणि पुन्हा लांब शिट्टी मारली. तोंडावर काही नाही. कर्तव्य केल्यासारखं. पण वरच्या फांदीवरून त्या कावळीने काय बघितलं असेल? आपलं पोर, आणि ते हातात धरलेला एक खाकी माणूस. आधीचं चाक तिला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने धरलं त्याला. दादा यार्डात आला रे आला, की ती मागून यायची आणि डोक्यात टोला हाणून जायची. यार्डात सगळे खाकीच. सगळ्यांच्या टोप्या सारख्या, पोटंही थोडीफार सारखीच. तरी मारायची फक्त त्याला. पोरं हसायची. "काय ओ, जुनी ओळख वाटतं?" दादा टोपी उचलायचा, झटकायचा, पुन्हा घालायचा. बरं.

मला हसू येत नव्हतं. मी एकदा ओला पोछा फेकून मारला तिला. लागला नाही, धुणाऱ्याच्या तोंडावर बसला. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं! माणसांनी एकदा मारून झालं, आता हिचं बाकी होतं.

आणि मग तो दिवस आला. चहाची गर्दी ओसरली होती, मी पेले विसळत होते. दादा एका बसला मागे यायला खुणावत होता, शिट्टी तोंडात, हात वर. या वेळी ती मागून नाही, समोरून आली. टोपी उडाली. भुवईवर जिथे टाके पडले होते, नेमकी तिथे तिने चोच मारली. दादाने भुवईला हात लावला. हात बघितला. रक्त होतं. शिट्टी तोंडातून खाली पडली.

"अगं ए!"

तो आवाज मी किती महिन्यांनी ऐकला. हातातला पेला सुटला माझ्या.

"डोळे फुटले का तुझे? आंधळी आहेस का? मी उचललं त्याला! मी! चाकाखाली जात होतं ते, मी थांबवली गाडी! माझ्यामुळे जिवंत आहे तुझं ते कार्टं! आणि मलाच मारतेस? विचारायचं तरी! एकदा, एकदा तरी विचारायचं, काय झालं म्हणून! सरळ मारत सुटायचं? मी नाही मारलं त्याला! ती व्हॅन होती! पांढरी व्हॅन होती ती!"

बसवाल्याने इंजिन बंद केलं. धुणाऱ्याच्या हातातली नळी तशीच वाहत राहिली. यार्डात कुठेही व्हॅन नव्हती, हे सगळ्यांना कळत होतं. कुणी हसलं नाही. दादा झाडाखाली उभा राहून, मान वर करून, गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होता, जे त्याला पुलाखाली कुणी बोलू दिलं नव्हतं, ते सगळं. कावळीने मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाली, "काव."

"आणि वर तोंड करून बोलतेस?" दादा पुन्हा पेटला.

तेव्हा मात्र हेड मिस्त्री हसला, आणि मग सगळेच. मी रडत होते, पण तो माझा प्रश्न आहे. संध्याकाळी वहिनीचा फोन आला. तिला धड बोलता येत नव्हतं. "अगं, भाजीत मीठ नाही म्हणून ओरडले! ताट सरकवलं! आणि मीठ होतं गं, मी चाखून बघितलं, होतं मीठ!"

त्या दिवसापासून दादा आणि ती कावळी यांचं रीतसर युद्ध सुरू झालं. दादाने मिस्त्रीची टोपी घातली, मिस्त्रीला आपली दिली. कावळी मिस्त्रीच्या डोक्यावरून सरळ पुढे गेली आणि दादाच्या डोक्यात टोला. दादा डोक्यावर बादली घेऊन आला, तिने बादली वाजवली. एक दिवस तोंडाला फडकं गुंडाळून आला. ती क्षणभर बुचकळ्यात पडली, मग त्याने चार पावलं टाकली आणि तिने ओळखलं. मिस्त्री म्हणाला, "चालीवरून ओळखते ती. बायकाही तशाच ओळखतात, मी सांगतो ना."

शत्रूशी लढायचं तर त्याची खबर ठेवावी लागते. दादा ड्युटीच्या आधी येऊन छपराच्या आडोशाला उभा राहायला लागला. आणि मग माझ्या खिडकीशी येऊन बातम्या. "आज काय केलं तिनं, माहितीये? वाळका पाव आणला कुठून तरी, धुण्याच्या पाण्यात बुडवला, मऊ केला, मग पोराला भरवला. अक्कल बघ बयेची!" घरट्यात काड्यांपेक्षा तारा जास्त होत्या. "आपल्या वर्कशॉपच्या तारा! वायपरची स्प्रिंगसुद्धा आहे. खात्याच्या मालाची चोर आहे ती." तिचा नवरा दिव्याच्या खांबावर बसून नुसता ओरडायचा. "काम काही नाही, आवाज मोठा. मॅनेजरच्या वळणावर गेलाय." पिल्लाचं नाव त्याने बावळट ठेवलं. बावळट उड्या मारत खालच्या फांदीवर यायचा, खाली बघायचा, घाबरायचा, आणि आईच्या नावाने गळा काढायचा. दादा खालून ओरडायचा, "पंख आहेत ना, गाढवा? मग हलव की!"

सगळं त्याला बरोबर कळायचं असं नाही. बरेच दिवस तो नवऱ्यालाच बायको समजून शिव्या देत होता. पण त्याची मान वर झाली होती. दिवसभर बुटांकडे बघणारा माणूस दिवसभर झाडाकडे बघायला लागला. संध्याकाळ झाली की शिरीषाची पानं मिटतात, हे त्याला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. त्याने मला हाताला धरून नेऊन दाखवलं. मलाही माहीत नव्हतं. आम्ही दोघं मान वर करून उभे होतो आणि वर पानं मिटत होती, तेवढ्यात कावळीने त्याच्या डोक्यात हाणली. त्या रात्री तो झोपला, असं वहिनीने सांगितलं. मग बऱ्याच रात्री झोपायला लागला. माझ्याकडून पावाच्या कडा मागून न्यायचा. म्हटलं, वैरिणीला खाऊ? म्हणाला, "उपाशी शत्रूला काय मारायचं? गप दे."

हे सगळं त्याने समुपदेशक बाईंना सांगितलं. बाई हरखल्या. त्यांनी वर लिहून कळवलं की डेपोत कर्मचाऱ्यांना निसर्गाचा सहवास मिळायला हवा. बरोबरच लिहिलं त्यांनी. पण तो कागद वरून खाली येईपर्यंत त्याचं काय झालं बघा. फळ्यावर सूचना लागली: कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी यार्डात हिरवा कोपरा करण्यात येत आहे. मी चहा घेऊन मॅनेजरच्या खोलीत गेले.

"साहेब, कोपरा कुठे करताय?"

"वॉशिंगच्या मागे, झाडाखाली. हिरवं गवत अंथरतोय, प्लास्टिकचं, पाणी घालायला नको. दोन बाकं. भिंतीवर पक्षी रंगवून घेतोय."

"आणि झाड?"

"खालच्या फांद्या छाटायच्या. घरटी काढायची. गवतावर घाण पडते ना. आणि तुमच्या भावालाच त्या कावळ्यांचा त्रास आहे, म्हणून मुद्दाम लवकर करून घेतोय."

"साहेब, पण झाड आहे, पक्षी आहेत. मग हिरवा कोपरा आणखी कशाला?"

"पानं पडतात हो झाडाची," तो समजावून सांगितल्यासारखं म्हणाला. "कचरा होतो."

मी ट्रे आपटला नाही, एवढंच. दगडाला पाझर फुटेल, पण या खुर्चीला नाही. मी जाऊन दादाला सांगितलं. मला वाटलं होतं तो मॅनेजरच्या खोलीचं दार मोडेल. दादाने वर बघितलं. बावळट खालच्या फांदीवर अंग फुगवून बसला होता. मग दादाने खाली बघितलं, बुटांकडे.

"बरं," तो म्हणाला.

मंडळासमोर जायची तारीख आठवड्यावर आली होती. त्या रात्री तो जेवला नाही.

सकाळी फांद्या छाटणाऱ्यांची गाडी गेटातून आत आली, शिडीची. करवती काढल्या, दोर काढले. गाडी झाडाखाली लावायची म्हणून मागे-पुढे करायला लागले. कावळीला कळलं. ती वेड्यासारखी घिरट्या घालत ओरडत होती, नवराही खांबावरून उठला होता, कधी नव्हे तो. बावळटला अजून उडता येत नव्हतं. तो फांदीला चिकटून बसला होता आणि आज त्याचा आवाजही येत नव्हता.

धुवायला आलेली एक बस तिथेच उभी होती. तिचा ड्रायव्हर माझ्या खिडकीशी चहा पीत होता, किल्ली गाडीलाच होती. दादाने शिडीच्या गाडीकडे बघितलं, झाडाकडे बघितलं, आणि तो त्या बसकडे चालायला लागला. दाराशी थांबला. खिशातून पिवळं फडकं काढलं. ते फडकं त्याने खिशात ठेवलं होतं, इतके दिवस, हे मला माहीत नव्हतं. आरसे पुसले, एक, मग दुसरा. आणि तो केबिनमध्ये चढला.

हात थरथरत होते. मला इथून दिसत होते. किल्ली फिरवायला त्याला दोन्ही हात लागले. इंजिन धडधडलं, बंद पडलं, पुन्हा सुरू झालं. चहा पिणारा ड्रायव्हर पुढे धावणार होता, मी त्याची कॉलर धरली. मग दादाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तोंडावरून घाम ओघळत होता.

"अगं, बघत काय उभी राहिलीस म्हशीसारखी! शिट्टी घे!"

त्याने शिट्टी फेकली. मी अ‍ॅप्रनसकट धावले. आयुष्यात कधी गाडी मागे घेतली नव्हती, पण त्या खिडकीतून वर्षानुवर्षं बघितलं होतं. लांब शिट्टी, येऊ दे. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला खोड, मधली फट बसएवढीच. येऊ दे, येऊ दे. फडक्याने पुसलेला आरसा खोडाला घासेल की काय असं वाटलं, तरी मी वाजवत राहिले. दोन तुटक. बस थांबली. झाडाखाली आता उंदीर शिरायलासुद्धा जागा नव्हती. दादाने इंजिन बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली.

शिडीवाले म्हणाले, गाडी काढा. दादाने त्यांना जे सांगितलं ते मी इथे लिहू शकत नाही. मॅनेजर आला, त्यालाही त्यातलं थोडं मिळालं. "गवत पाहिजे का तुम्हाला? गवत? बसा तुम्ही गवतावर! त्या पोराला उडता येत नाही अजून, दिसत नाही? विचारलंत कुणाला? आधी करवत काढायची आणि मग विचारायचं?" मॅनेजर लालबुंद झाला, म्हणाला, मिस्त्रीला बोलवा, गाडी ओढून काढा.

हेड मिस्त्री आला. कुणाकडे न बघता बसखाली शिरला. थोडं ठोकल्याचा आवाज आला. हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "ब्रेक जाम आहे, साहेब. ओढली तर धुरा जाईल."

"कधी होईल?"

"पार्ट आला की."

आमच्या डेपोत या वाक्यापुढे कुणाचं काही चालत नाही. पार्ट कधीच आलेला नसतो. पार्ट नाही म्हणून गाड्या उभ्या राहतात, पंखे बंद राहतात, माणसंही निवृत्त होतात. मॅनेजरने हेच वाक्य आम्हाला शंभरदा ऐकवलं होतं. आता त्याला ते गिळावं लागलं. शिडीवाले करवती आवरून गेले.

दादा केबिनमधून खाली उतरला. मी हात धरायला पुढे झाले. तेवढ्यात वरून कावळी आली आणि तिने त्याच्या डोक्यात सणसणीत टोला दिला.

ब्रेक जाम बस तिथे बावळट उडेपर्यंत उभी होती. तो उडाला त्या दिवशी दुपारी पार्ट आला. हिरवा कोपरा शेवटी ऑफिसच्या दारासमोर झाला. उन्हात ते गवत इतकं तापतं की बाकावर बसलं तर बुटाचे तळ गरम होतात. मॅनेजर एकदा फोटोपुरता बसला. भिंतीवर पोपट रंगवलेत. कावळा एकही नाही.

मंडळाने दादाला गाडी चालवायला लावली. शेजारी तपासनीस बसला होता, त्याने वळणावर सूचना दिली म्हणून दादाने त्यालाच झापलं. तरी पास झाला. अजून गोळ्या घेतो. पुलाखालचा मार्ग अजून मागत नाही, आणि कधी मागेल की नाही, मी विचारत नाही. कधीतरी आठवड्यातून एखादी रात्र छताकडे बघत जाते. म्हणून म्हणते, कावळीने बरं केलं वगैरे मला सांगू नका. तिने त्याला मारलंच. फक्त एवढं झालं की तिच्यावर त्याला ओरडता आलं.

रोज सकाळी तो आरसे पुसून गाडी काढतो. ती गेटच्या कमानीवर बसलेली असते. काचेआडूनही ओळखते आणि समोरच्या काचेवर झेप घेते. दादा खिडकीतून डोकं काढून कोपऱ्यापर्यंत तिला शिव्या घालत जातो. चढलेले प्रवासी घाबरतात. पुलाखाली ज्यांनी त्याला मारलं, त्यांच्यातला एखादा उद्या त्याच्याच बसमध्ये चढेल, मागे जाऊन बसेल आणि त्याच्या स्टॉपवर उतरेल. त्याला दादाचा चेहरा आठवणार नाही. तिला आठवतो.

परवा चहा देताना मी विचारलं, "दादा, पुढच्या वर्षी पुन्हा तिचं पिल्लू खाली पडलं तर?"

"तर काय?"

"उचलशील?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसा तो उजवा दिवा दाखवून डावीकडे वळणाऱ्यांकडे बघतो.

"मग काय गाडी घालू त्याच्या अंगावर? अक्कल आहे का तुला? आणि हा चहा आहे की गढूळ पाणी?"